इंजिन बदलल्यानंतरचे प्रज्वलन-कालाचे दोष

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडण्याचा क्षण आणि त्या वेळी दट्ट्या जेथे असतो ती जागा यांच्या मेळास प्रज्वलन-काल म्हणतात. गॅरेजच्या भाषेत नुसते ‘टायमिंग’. हा मेळ क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. मिश्रण पेटून दाब वाढण्यास वेळ लागतो, म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्याच्या काही अंश आधी ठिणगी पडावी लागते. ती फार लवकर पडल्यास इंजिन ओझ्याखाली खडखडते व दट्ट्यांना इजा पोहोचते. उशिरा पडल्यास शक्ती घटते आणि इंजिन तापते. जुन्या मोटारीत दुसरे इंजिन बसवल्यावर हा मेळ बिघडण्याचे कारण बहुधा इंजिनात नसून दोन काळांतील सुट्या भागांच्या सरमिसळीत असते.

अमेरिकेत १९६०च्या दशकातील फोर्ड मस्टँगमध्ये मूळच्या २८९ घनइंची व्ही-८ इंजिनाऐवजी १९८०च्या दशकातील ५.० लिटरचे (३०२ घनइंची) ‘हाय आउटपुट’ इंजिन बसवतात. दोन्ही इंजिने एकाच घराण्यातील व दिसायला जवळजवळ सारखी असल्याने फसगत होते.

प्रज्वलनाचा क्रम

जुन्या इंजिनाचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ आहे, तर १९८२ पासूनच्या ‘हाय आउटपुट’ इंजिनाचा १-३-७-२-६-५-४-८. यात ३ व ५ तसेच ४ व ७ या जोड्यांची अदलाबदल झालेली आहे. जुन्या क्रमाने तारा जोडल्यास या चार सिलिंडरांत ठिणगी ३६० अंश चुकीची, म्हणजे निष्कास आघाताच्या अखेरीस पडते. इंजिन उरलेल्या चार सिलिंडरांवर धडपडते आणि कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजतात. डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी हा दोष जात नाही. पुष्कळांचा वेळ तो फिरवण्यातच जातो.

क्रम कॅमशाफ्टवर ठरतो, ब्लॉकवरील वर्षावर नव्हे. आधीच्या मालकाने कॅमशाफ्ट बदललेला असू शकतो. म्हणून बॅटरी सुटी करून, प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाहावे. पहिल्या सिलिंडरच्या छिद्रावर धरलेले बोट दाबाने ढकलले जाऊन दट्ट्या वर आला, की आणखी ९० अंश फिरवताना तिसऱ्याच्या छिद्रातून दाब आला तर क्रम नवा, पाचव्यातून आला तर जुना. बोटाची ही चाचणी न करता केवळ खूण जुळवून डिस्ट्रिब्युटर बसवला, तर तो निम्मा फेरा उलटा बसण्याचा संभव असतो. मग इंजिन सुरूच होत नाही.

खुणा

क्रँकशाफ्टच्या पुढील डॅम्परवरील अंश-खुणा आणि टायमिंग कव्हरवरील काटा एकाच इंजिनाचे असावे लागतात. काट्याची जागा वर्षागणिक बदललेली आहे. शिवाय जुन्या डॅम्परचे बाहेरचे कडे रबरावरून सरकते व खूण खोटी ठरते. खात्रीसाठी पहिल्या प्लगच्या छिद्रात दट्ट्या अडवणारा अडसर बसवतात, इंजिन दोन्ही दिशांनी अडेपर्यंत फिरवून दोन खुणा करतात आणि त्यांचा मध्य हे खरे वरचे टोक मानतात. (जुना डॅम्पर तसाच नव्या इंजिनावर चढवू नये: पूर्वीचा समतोल २८ औंस-इंचांचा, नंतरचा ५०चा. त्यातून येणारा कंप टायमिंगचा दोष समजला जातो.)

डिस्ट्रिब्युटर

१९८६ पासूनच्या इंधन-इंजेक्शनच्या इंजिनात ठिणगी किती आधी पडावी हे संगणक ठरवतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये वजने किंवा निर्वात-कुपी नसते. संगणक काढून कार्ब्युरेटर बसवला आणि डिस्ट्रिब्युटर तोच ठेवला, तर टायमिंग वेगानुसार पुढे सरकत नाही आणि गाडी सुस्त होते. तेथे वजने व स्प्रिंगा असलेला जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर लागतो. त्याची निर्वात-नळी काढून तोंड बंद करावे, टायमिंग लाइटने प्रारंभिक अंश लावावेत, मग सुमारे ३,००० फेऱ्यांवर एकूण अंश पाहावेत. या घराण्यातील इंजिनांना ते साधारण ३४ ते ३६ मानवतात. रोटर वरून पाहता डावीकडे फिरतो, म्हणून टायमिंग पुढे घेण्यास डिस्ट्रिब्युटर उजवीकडे वळवतात.

रोलर कॅमशाफ्टच्या इंजिनात जुन्या डिस्ट्रिब्युटरचा बिडाचा गिअर चालत नाही, पोलादी लागतो. बिडाचा गिअर लवकर झिजतो, त्याचा चुरा तेलात जातो आणि नीट लावलेले टायमिंग पुन्हा सरकते.