सुट्टीत अभ्यास किती आणि कसला?

मैत्रिणींनो, मे महिना लागला की गटाच्या बैठकीत हा विषय निघतोच. आम्ही सांगतो, पुढच्या इयत्तेची पुस्तकं आत्ताच काढू नका. पण दीड महिना काहीच वाचलं नाही, तर जोडाक्षरं अडतात, हातच्याची वजाबाकी चुकते. विदर्भात तर उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते.

पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालेल्याची फेरपरीक्षा निकालानंतर 2 महिन्यांत असते. त्याला मात्र रोज तासभर बसवाच. बाकीच्यांना ऊन चढायच्या आत अर्धा तास पुरे. गटाचं पासबुक वाचायला द्या. 1000 रुपये कर्ज, महिना 2 टक्के व्याज, म्हणजे 20 रुपये. मुद्दल फेडलं नाही तर 3 महिन्यांचं किती? पोरं चटकन सांगतात, आपणच बोटं मोजत बसतो!

आणि मुलगा पुस्तक घेऊन, मुलगी हंडा घेऊन, असं नको. कुरडया घालायला दोघांनाही बसवा. ऊसतोडीहून परतलेल्या घरांतल्या मुलांची मधली शाळा बुडालेली असते. त्यांनाही त्या अर्ध्या तासाला आपल्या ओट्यावर बोलवा.