अर्धायुष्याचा हिशेब

इ. स. १९०० मध्ये पॅरिस येथे रेडियमच्या प्रारणाचे निरीक्षण करीत असता पॉल व्हिलार यांस असे आढळले की, त्यातील काही किरण चुंबकाच्या प्रभावाने यत्किंचितही वळत नाहीत आणि इतर किरणांना अडविणारी आवरणे लीलया भेदून जातात. पुढे रदरफर्ड यांनी त्यांस गॅमा किरण हे नाव दिले. प्रकाशाच्याच जातीच्या, परंतु अणुगर्भातून निघणाऱ्या या किरणांच्या भेदकतेचे वर्णन सर्वत्र होते. वैद्यकाच्या नित्य व्यवहारात मात्र, त्यांच्या उगमद्रव्याचे आयुष्य किती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

साध्या कोबाल्टवर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा केला असता जे कोबाल्ट-६० तयार होते, त्याने कर्करोगाच्या गाठीवर दुरून किरणोपचार करण्याचा प्रारंभ १९५१ मध्ये कॅनडात झाला. तोवर ज्यांना मोजक्या ग्रॅम रेडियमवर भागवावे लागे, त्या डॉक्टरांच्या हाती आता कित्येक पटींनी प्रखर साधन आले. गाठीवर निरनिराळ्या दिशांनी झोत टाकावा, म्हणजे भोवतालच्या निरोगी पेशींना थोडाच मारा सोसावा लागतो. शिवाय एकूण मात्रा काही आठवड्यांत विभागून द्यावी, कारण आपल्या जनुकद्रव्याची मोडतोड दुरुस्त करण्यात निरोगी पेशी कर्कपेशींहून सहसा अधिक तरबेज असतात, अशी ही तजवीज आहे. मात्र कोबाल्टचे अर्धायुष्य, म्हणजे तेज निम्म्यावर येण्याचा काळ, सव्वापाच वर्षांचे असल्याने त्याचे तेज दरमहा सुमारे एक टक्क्याने घटते आणि तीच मात्रा देण्यास लागणारा वेळ त्या प्रमाणात वाढवीत न्यावा लागतो. यंत्र बंद करणे म्हणजे केवळ उगमद्रव्य जाड कवचात परत घेणे होय. ते द्रव्य स्वतः कधीच विसावत नाही. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे बेवारस दवाखान्यात राहिलेले सीझियम-१३७ भंगारवाल्यांच्या हाती पडले आणि चार जणांचे प्राण गेले. अशा द्रव्याचा बंदोबस्त ही दप्तरातील नोंदीपुरती बाब समजणाऱ्यांनी ती हकिकत अवश्य वाचावी.

तुर्भ्याच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून याच कोबाल्टच्या किरणांनी वैद्यकीय सामग्री बंद वेष्टनातच निर्जंतुक होते. तीत किरणोत्सार शिरत नाही, एवढे शंकेखोरांसाठी सांगून पुढे जातो.

निदानाची रीत किरणोपचाराच्या अगदी उलट आहे. तेथे उगमद्रव्य रुग्णाच्या शरीरातच सोडतात, तेव्हा ते जितके अल्पायुषी तितके बरे. टेक्नेशियम-९९एम या द्रव्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. योग्य औषधाशी जोडून ते शिरेतून दिले की हाडांत, हृदयात किंवा मूत्रपिंडात जाऊन बसते आणि त्याचे गॅमा किरण बाहेरच्या कॅमेऱ्यावर त्या अवयवाच्या कार्याचे चित्र उमटवितात. इतके क्षणभंगुर द्रव्य साठवावे कसे? त्याचे जनकद्रव्य मॉलिब्डेनम-९९, ज्याचे अर्धायुष्य ६६ तासांचे असते, ते एका लहान जनित्रात भरून रुग्णालयाकडे धाडतात आणि तेथे मिठाच्या द्रावणाने, दुभत्या गाईची धार काढावी तसे, टेक्नेशियम रोज वेगळे काढतात. आठवडाभरात जनित्र आटते व नवे मागवावे लागते. अर्थात ज्या मोजक्या अणुभट्ट्या मॉलिब्डेनम पुरवितात, त्यांवर दूरदूरची रुग्णालये अवलंबून असतात. २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली, तेव्हा अनेक देशांतील डॉक्टरांना काही तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या आणि हृदयाच्या तपासणीसाठी जुन्या थॅलियमचा आश्रय घ्यावा लागला.