वाद्यवृंदात विजेचा सूर

ऑलिव्हिए मेसियां या फ्रेंच संगीतकाराची ‘तुरंगलीला’ सिम्फनी २ डिसेंबर १९४९ रोजी बोस्टनमध्ये प्रथम सादर झाली. संचालक होते लेनर्ड बर्नस्टाईन. १० भाग, सव्वा तासाचा ऐवज आणि भल्यामोठ्या वाद्यवृंदात विजेवर चालणारं एक वाद्य : ओंद मार्तनो. पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशयंत्रणेवर काम केलेल्या मोरिस मार्तनो यांनी ते १९२८ मध्ये लोकांपुढे आणलं.

दिसायला छोटा पियानोच. पण उजव्या तर्जनीत अंगठी घालून ती पट्ट्यांसमोरच्या तारेवर सरकवली, की सलग मींड निघते. खरी करामत डाव्या हाताची. खणातलं बटण जितकं दाबावं तितका आवाज. बोट उचललं की सगळं बंद. त्यामुळे स्वर आघाताविना, अलगदही उगवू शकतो. या वाद्याच्या एका ध्वनिक्षेपकाला तर चक्क सतारीच्या तरफांसारख्या तारा आहेत!

हा आवाज मेसियांनी नुसता चमत्कार म्हणून मिरवला नाही. सहाव्या भागात व्हायोलिनच्या संथ सुरावटीत तो असा मुरवलाय, की सांधा सापडू नये. वर पियानोवर पक्ष्यांची किलबिल.

आणखी एक नातं आपल्या घरचं. मेसियांच्या लयविचारावर ‘संगीतरत्नाकर’मधल्या १२० देशी तालांची छाप आहे. हा ग्रंथ शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी लिहिला. ‘तुरंगलीला’ प्रथमच ऐकणार असाल, तर सहाव्या भागापासून सुरुवात करा.