मुखपृष्ठावरील चेहरा

सावळी म्हणून दोन स्थळांनीं नाकारलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें स्त्रीसौंदर्याच्या रूढ कल्पनांवर पुस्तक लिहिलें आहे. मुखपृष्ठासंबंधीं ती म्हणाली, "गुरुजी, सुंदर चेहरा काढला तर माझेंच म्हणणें खोटें पडतें, कुरूप काढला तर थट्टा होते."

मला आमच्या घाटकोपरची एक जुनी गोष्ट आठवली. राजा रविवर्मा यांचा १८९४ सालीं सुरू झालेला शिळाछापखाना कांहीं काळ येथें होता. पुढें तो मळवलीस गेला. त्यांतील लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघरीं लागल्या आणि गोरा, भरलेला मुखडा हीच सौंदर्याची खूण अनेकांच्या मनांत पक्की झाली. पण ती कांति साधे कशी? प्रत्येक रंगास निराळा दगड असे. एकाच कागदावर एकामागून एक असे अनेक ठसे उमटत, तेव्हां कोठें चेहरा उजळे.

म्हणून मीं सुचविलें कीं, मुखपृष्ठावर एकच चेहरा क्रमाक्रमानें छापावा : प्रथम नुसत्या रेषा, मग एकेक रंग. सौंदर्याचा नमुना माणसांनींच घडविलेला आहे, हें वाचकास पुस्तक उघडण्यापूर्वींच कळेल.

ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "गुरुजी, शेवटचा दगड मात्र लावावयाचा नाहीं."