उघाडीचे गणित

पेण-अलिबागच्या खारेपाटात बांधावर उभे राहिले, की एका हाताला खाडीचे खारे पाणी, दुसऱ्या हाताला भाताची खाचरे आणि या दोहोंमध्ये माती-दगडांचा बांध दिसतो. परंतु या भूमीचा सारा जीव त्या बांधाच्या पोटात बसविलेल्या उघाडीवर अवलंबून असतो. उघाडी म्हणजे खाडीच्या अंगाला उघडणारी झडप. ओहोटीने खाडीची पातळी उतरली, की आत साचलेले पावसाचे पाणी आपल्याच दाबाने तिला लोटून बाहेर पडते. भरती चढू लागली, की खाडीचेच पाणी तिला घट्ट मिटवून टाकते.

1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरांनी वाढली आणि 2006 नंतर हा वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरांच्याही पुढे गेला. एवढ्याशा वाढीने काय होणार, असे बांधाची उंची पाहून वाटणे स्वाभाविक आहे. पण बांधावरून पाणी येण्याच्या कितीतरी आधी, दर भरतीला उघाडी थोडी लवकर मिटते आणि दर ओहोटीला थोडी उशिरा उघडते. त्यातच हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे 7 टक्क्यांनी वाढत असल्यामुळे पावसाच्या सरी अधिक जोरकस होतात. म्हणजे निचरा करावयाचे पाणी वाढते आणि निचऱ्याचा अवधी घटतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीने नाल्यांची मुखे अडविल्यामुळे मुंबईने हेच भोगले.

म्हणून नुसता बांध उंच करण्याची तजवीज मला अपुरी वाटते. उंच बांध आतले पाणीही तितकेच कोंडून धरतो. उघाड्या रुंद हव्यात, आत पाणी क्षणभर विसावेल अशी सखल जागा मोकळी हवी, बांधापुढचे कांदळवन लाटांचा जोर मोडण्यासाठी राखलेले हवे. पूर्वी जोळाच्या पद्धतीने गावकरी मिळून बांध राखीत. खेकड्याचे बीळ वेळीच बुजविले नाही, तर उधाणाला तेथेच खांड पडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 1948 च्या आणि पुढे 1979 च्या खारभूमी कायद्याने ही जबाबदारी सरकारदफ्तरी गेली, आणि रोज बांधावर फिरणारी ती नजर हरवली.

खारेपाटातील प्रत्येक उघाडीची पातळी, रुंदी आणि ती दर ओहोटीला किती वेळ उघडी राहते, याची मोजणी सरकारने गावकऱ्यांना सोबत घेऊन येत्या पावसाळ्यापूर्वी करावी.