खासगी टिपण अ‍ॅप

खासगी टिपण अ‍ॅप म्हणजे संगणकावर किंवा मोबाईलवर टिपणे लिहून ठेवण्यासाठी मोजक्याच सोयी देणारी आज्ञावली होय. लिहिलेला मजकूर लेखकाखेरीज कोणालाही, अगदी अ‍ॅप पुरवणाऱ्यालाही, वाचता येऊ नये हा तिचा मुख्य हेतू असतो. अशा काही अ‍ॅपना जुन्या संगणकाच्या पडद्याचे ‘रेट्रो’ रूप दिलेले असते. मात्र साधे रूप आणि सुरक्षित मजकूर या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

दृश्य रूप

१९७० व १९८०च्या दशकांतील बहुतेक टर्मिनलांवर काळ्या पार्श्वभूमीवर एकाच रंगाची अक्षरे उमटत. पडद्यामागील फॉस्फरच्या प्रकारानुसार ती हिरवी, पिवळसर-नारिंगी किंवा पांढरी दिसत. १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलवर सामान्यतः ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. तेव्हा यंत्राची मर्यादा असलेले हे रूप पुढे एकाग्रतेसाठी जाणीवपूर्वक निवडले जाऊ लागले. २००६ मध्ये मॅक संगणकांसाठी आलेल्या राइटरूममध्ये संपूर्ण काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरे एवढेच दिसत असे.

साठवण व गोपनीयता

टिपणे साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवल्यास अ‍ॅप बंद पडले तरी ती अन्य आज्ञावलीत उघडता येतात. परंतु उपकरण ज्याच्या हाती पडेल त्यालाही ती वाचता येतात. यावर एन्क्रिप्शन हा उपाय आहे. त्यात मजकूर उपकरणावरच अगम्य रूपात बदलला जातो आणि सर्व्हरवर केवळ तेच रूप पोहोचते. यासाठी २००१ साली अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारलेली एईएस ही पद्धत सर्रास वापरली जाते. पासवर्डवर मुद्दाम वेळखाऊ ठेवलेली गणिती प्रक्रिया करून किल्ली तयार करतात. त्यामुळे अंदाजाने पासवर्ड शोधणे अवघड होते.

या रचनेची किंमतही असते. पासवर्ड विसरला आणि पर्यायी किल्ली जपून ठेवलेली नसली, तर टिपणे कायमची हरपतात. याउलट, केवळ ई-मेलद्वारे नवा पासवर्ड घेऊन जुनी टिपणे पूर्ववत वाचता येत असतील, तर ती उघडण्याचे साधन पुरवठादाराकडेही आहे असे समजावे.

देवनागरी लिपी

रेट्रो रूपात प्रत्येक अक्षराला समान रुंदीचा चौकोन दिलेला असतो. रोमन लिपीस सोयीची असलेली ही पद्धत जोडाक्षरे व मात्रा असलेल्या देवनागरीस अपुरी पडते. ‘स्त्री’ हे दिसायला एकच अक्षर असले, तरी युनिकोडमध्ये ते ६ संकेतांनी बनते आणि यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट जागा घेते. प्रत्येक संकेताला वेगळा चौकोन देणाऱ्या अ‍ॅपमध्ये मराठी मजकूर विस्कटतो. म्हणून मराठी टिपणांसाठी अ‍ॅप निवडताना जोडाक्षरे, कर्सरची हालचाल आणि अक्षर खोडण्याची रीत तपासणे आवश्यक ठरते.