रिपोर्ट तर नॉर्मल आहे!

जन्मानं मुलगी, मनानं मुलगा. हे लॅबमध्ये सिद्ध करता येतं का? बोईसरच्या एका सहकाऱ्यानं मला हा प्रश्न विचारला आणि माझी झोप उडाली...

आपली मराठी भारी चोंबडी भाषा आहे. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम गोइंग’ म्हटलं की काम भागतं. मराठीत ‘मी’ म्हटल्यावर लगेच जाहीर करावं लागतं, जातो की जाते? आपण हे दिवसातून शंभरदा करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या मात्र ते पक्कं लक्षात असायचं. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये आमची मशीन्स शेजारी-शेजारी. सकाळी पालघरहून डहाणू लोकल, मधे उमरोळी, मग बोईसर, स्टेशनबाहेर कटिंग आणि कंपनीची बस. लेडीज डब्यात वर्षभर एकत्र प्रवास केल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पोरगी कधी ‘येते’, ‘जाते’, ‘करते’ म्हणतच नाही! ‘निघायचं का?’, ‘भूक लागलीय’, ‘सॅम्पल लावून झालं.’ सगळं बोलणं असं, व्याकरणाला चकवा देत.

आणि एका संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर ते वाक्य आलं. “चल, मी निघतो.”

नाव सांगणार नाही. पण इथून पुढे मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे.

घरी त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. आई रडली, वडील दोन दिवस गप्प. शेवटी मामांनी तोडगा काढला. “तपासणी करू. रिपोर्टमध्ये आलं तर आम्ही मानू.” मामांच्या डोक्यात होते बीडचे ललित साळवे.

बीडची गोष्ट वेगळी

ती बातमी तुम्हालाही आठवत असेल. २०१७ मध्ये बीडच्या पोलीस दलातल्या एका महिला कॉन्स्टेबलनं शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली आणि प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत पोहोचलं. तपासणीत शरीरात वाय गुणसूत्र सापडलं. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पुरुष कॉन्स्टेबल म्हणून पुन्हा ड्युटीवर रुजू झाले. गावानं स्वागत केलं, पेपरांनी फोटो छापले.

माझ्या मित्राचा रिपोर्ट आला तो असा : ४६, एक्सएक्स. नॉर्मल. आईनं देवापुढे साखर ठेवली. “बघ, काही झालेलं नाही तुला.”

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तो मला म्हणाला, “केमिस्ट आहेस ना तू? मग सांग, याची टेस्ट असते का गं?”

काय सांगणार? मलाही तोवर ट्रान्सजेंडर म्हटलं की लोकलमधली टाळीच आठवायची. दहाची नोट पुढे करायची आणि खिडकीबाहेर बघायचं. विषय संपला! यावेळी मात्र मी वाचायला बसले.

सहा मेंदू

पहिली मोठी बातमी १९९५ ची. ‘नेचर’ या मातब्बर नियतकालिकात अ‍ॅमस्टरडॅमच्या डिक स्वाब यांच्या चमूनं एक संशोधन छापलं. मेंदूच्या खोलात ‘बीएसटी’ नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. त्याचा एक भाग पुरुषांमध्ये मोठा, बायकांमध्ये लहान. शास्त्रज्ञांनी सहा ट्रान्स स्त्रियांचे, म्हणजे पुरुषाच्या शरीरात जन्मून स्त्री म्हणून जगलेल्यांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले. पुंजका निघाला बायकांसारखा!

जगभर चर्चा झाली. त्यामागचा तर्कही पटण्यासारखा आहे. गर्भाचं जननेंद्रिय पहिल्या काही महिन्यांत घडतं आणि मेंदूवर हार्मोन्सचा हात फिरतो तो त्यानंतर. दोन कामं, दोन वेगळ्या वेळा. मग एक एका दिशेला आणि दुसरं दुसऱ्या दिशेला जाऊ शकतं, असं स्वाब यांचं म्हणणं.

पण थांबा. मेंदू फक्त सहा. त्या स्त्रियांनी आयुष्यात हार्मोन्स घेतलेली. आणि २००२ मध्ये त्याच अ‍ॅमस्टरडॅमहून दुसरा निष्कर्ष आला की पुंजक्यातला हा फरक मोठेपणीच ठळक होतो. माझ्या मित्राला तर बालवाडीपासून फ्रॉकचा राग! पुढे २०१५ मध्ये इस्रायलच्या डॅफ्ना जोएल यांनी १,४०० हून जास्त मेंदूंचे स्कॅन तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की पूर्ण ‘बायकी’ किंवा पूर्ण ‘पुरुषी’ मेंदू सापडणं दुर्मीळच. बहुतेकांच्या डोक्यात गोधडीसारखे दोन्हीकडचे तुकडे. तुमच्या-माझ्यासुद्धा!

जुळ्यांचं गणित

मग अनुवंशिकतेचं काय? २०१२ मध्ये जुळ्यांवरची एक पाहणी प्रसिद्ध झाली. जोडीतला निदान एक जण ट्रान्सजेंडर, अशा या जोड्या. २३ जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या. त्यातल्या नऊ जोड्यांत दोघंही ट्रान्सजेंडर. वेगळ्या दिसणाऱ्या, पण एकाच लिंगाच्या जुळ्यांच्या २१ जोड्यांत मात्र असं एकदाही घडलं नव्हतं.

म्हणजे जीन्सचा काहीतरी हात आहे. पण उरलेल्या चौदा जोड्यांकडे बघा. जीन्स सारखे, तरी एक असा आणि एक तसा. म्हणजे फक्त जीन्सही नाहीत. जीन्स, गर्भातली हार्मोन्स आणि आणखी बरंच काही मिळून हे घडत असावं, इथवर आज विज्ञान पोहोचलंय. एक जीन, एक टेस्ट, एक उत्तर असा सरळ मामला नाही.

‘नॉट डिटेक्टेड’

लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. रिपोर्टवर ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिलं म्हणजे पदार्थ नाहीच असं नव्हे. या पद्धतीनं तो सापडला नाही, एवढंच. आणि ज्या पद्धतीची त्या कामासाठी आधी पडताळणी झालेली नाही, तिच्यावर बॅच पास-फेल करायची नसते.

गुणसूत्रांची तपासणी गुणसूत्रं सांगते. साळवेंच्या बाबतीत तिथेच फरक होता, म्हणून तो दिसला. माझ्या मित्राच्या बाबतीत प्रश्नच वेगळा आहे. ‘मी कोण?’ याचं उत्तर देणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. आपण मात्र ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ ‘तू खोटं बोलतोयस’ असा लावून मोकळे होतो.

सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात जैविक चाचणीपेक्षा माणसाच्या मनाला महत्त्व दिलं होतं आणि ओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा ठरवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ही गोष्ट मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलेली आहे. कारण शंभर टक्के सापडेपर्यंत दोघंही थांबले नाहीत.

काकींचा प्रश्न

हे सगळं वाचून एका रविवारी मी त्याच्या घरी गेले. काकींनी पापलेटचं कालवण वाढलं. माझं मेंदू-जुळं पुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, “म्हणजे माझ्या हातून काही चुकलं नाही ना गं? लहानपणी मोठ्या भावाचे शर्ट घालायची मी तिला. पैसे नव्हते तेव्हा.”

माझ्या घशाशी आलं. वर्षभर ही बाई त्या शर्टांचा हिशोब करत होती!

मी त्यांना डेव्हिड रायमरची गोष्ट सांगितली. १९६५ मध्ये कॅनडात जन्मलेला मुलगा. तान्हा असताना सुंता करताना त्याचं लिंग जळालं. जॉन मनी नावाच्या नामांकित तज्ज्ञाच्या सल्ल्यानं आई-वडिलांनी त्याला मुलगी म्हणून वाढवलं. फ्रॉक, बाहुल्या, मुलीचं नाव, पुढे हार्मोन्सही. तरी तो कधी मुलगी झाला नाही. चौदाव्या वर्षी खरं कळलं आणि तो मुलगा म्हणून जगू लागला. २००४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं. डेव्हिड ट्रान्सजेंडर नव्हता. पण सगळं घर आणि डॉक्टर मिळूनही ज्याला मुलगी करू शकले नाहीत, त्याची ही गोष्ट.

“काकी, फ्रॉकनं मुलगी होत नाही,” मी म्हटलं, “मग शर्टानं मुलगा कसा होईल?”

त्या काहीच बोलल्या नाहीत. ताटं उचलून आत गेल्या.

तो हल्ली जनरल डब्यात चढतो. मी लेडीजमध्ये. बोईसरला उतरून चहा मात्र एकत्रच. मामा अजून दुसऱ्या लॅबचा पत्ता शोधतायत. आणि काकी? तो घरी आला की त्या ‘आलीस?’ म्हणत नाहीत. ‘आलास?’ही नाही.

“जेवायचं का?” एवढंच विचारतात.

तो म्हणाला, “आईनं पण माझी पळवाट धरलीय बघ.” आणि किती दिवसांनी हसला!